सैनिक स्मारकाची नामशिळा पुण्यात करून घ्यायची तर

गावाचं किंवा वस्तीचं सैनिक स्मारक ठरलं की समितीच्या पहिल्या बैठकीत चौथऱ्याचं चित्र निघतं. त्यात हेल्मेट, उलटी बंदूक, ध्वजस्तंभ सगळं असतं, जमलंच तर कारंजंही. नावांची शिळा यादीत शेवटी येते आणि तिच्या वाट्याला उरलेले पैसे आणि उरलेले आठ दिवस येतात. अनावरण २६ जुलैला किंवा १५ ऑगस्टला ठरलेलं असतं, जून संपत आलेला असतो, आणि कोणीतरी व्हॉट्सॲपवरची यादी घेऊन ग्रॅनाइटच्या दुकानात पोचतो. शिळा बिघडायला सुरुवात इथेच होते.

पुण्यात हे काम तीन प्रकारचे लोक करतात. कोंढवा-कात्रज रस्त्यावरचे ग्रॅनाइट-मार्बलवाले दगड देतात आणि कोरायला बाहेर पाठवतात. पेठांमधले पाट्या, ट्रॉफ्या आणि कोनशिला करणारे अक्षरं बसवतात, पण दगड पातळ वापरतात. तिसरे कबरींवरच्या शिळा करणारे कारागीर. ते सहसा स्मारक समित्यांच्या डोक्यातही येत नाहीत. जाड दगडावर खोल अक्षर कोरण्याचा सराव मात्र त्यांनाच सर्वांत जास्त असतो. हे परीक्षण या तिन्हींकडे मिळणाऱ्या कामाचं आहे. दुकानांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत, कारण एकाच दुकानातून एक शिळा देखणी निघते आणि दुसरी वाया जाते. ऑर्डर कशी दिली यावर बरंच ठरतं.

गुण आधीच देऊन टाकतो. पाचपैकी दगडाला चार, कोरण्याला साडेतीन, बसवण्याला अडीच. आणि देवनागरी मजकुराला दीड, तोही उदार मनाने.

दगडापासून सुरुवात करू. उघड्यावरच्या नावांसाठी काळा पॉलिश ग्रॅनाइट घ्यावा, फार फाटे फोडू नयेत. तो घट्ट असतो, पाणी जवळजवळ पीत नाही, आणि पॉलिश फुटलं की आतून राखाडी-पांढरा दिसतो, त्यामुळे रंग उडाला तरी अक्षर वाचता येतं. संगमरवर देखणा असला तरी तो चुनखडीच्या जातीचा आहे. पावसाच्या किंचित आम्लानेही त्याचा पृष्ठभाग झिजतो, अक्षरांच्या कडा बोथट होतात आणि पुण्याच्या चार महिन्यांच्या ओलीत त्यावर काळं शेवाळ धरतं. छपराखाली, देवळाच्या किंवा शाळेच्या भिंतीत बसवायचा असेल तर चालेल. पितळी पत्रा चोरीला जातो आणि नाही गेला तर दर राष्ट्रीय सणाला कोणीतरी उत्साहाने पितांबरी लावून घासतो. आधी लॅकर जातं, मग अक्षरांत भरलेला रंग.

आपला काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, वाघोलीसारख्या खाणींतून सहज मिळतो आणि चौथऱ्यासाठी त्याला तोड नाही. पण त्यात वायूच्या जुन्या पोकळ्या असतात आणि त्यांत झिओलाइटसारखी पांढरी खनिजं भरलेली असतात. (वाघोलीच्या खाणी निळ्या कॅव्हन्साइटसाठी जगभरच्या संग्राहकांना माहीत आहेत. खनिज गोळा करणाऱ्याची चैन, अक्षर कोरणाऱ्याची डोकेदुखी.) छिन्नी त्या पोकळीवर आली की वेलांटी उडते. म्हणून बेसाल्टवर फक्त मोठी अक्षरं, तीन इंचांच्या पुढची: गावाचं नाव, साल, बस्स. माणसांची नावं ग्रॅनाइटवर.

दुकानात पहिल्यांदा दाखवतात तो १६ ते १८ मिलिमीटरचा स्लॅब. तो स्वयंपाकाच्या ओट्यासाठी कापलेला असतो. भिंतीवर लावायच्या शिळेसाठी ३० मिमी मागा, स्वतंत्र उभ्या शिळेसाठी किमान ५०. वजनाचा हिशेब सोपा आहे, कारण हा दगड घनमीटरला साधारण तीन टन भरतो. ६ बाय ३ फुटांची शिळा १८ मिमी जाडीत ९० किलो होते, ३० मिमीत १५० आणि ५० मिमीत २५०. शेवटची शिळा टेम्पोतून चार माणसांनी उतरवण्यासारखी नसते. चेनपुली किंवा हायड्रा (छोटी फिरती क्रेन) लागेल, त्याचे पैसे अंदाजपत्रकात आधीच धरा. जाड दगडाचा आणखी एक उपयोग आहे, तो पुढे चुकांच्या ठिकाणी येईल.

पसंत केलेला स्लॅब तिथेच तपासा. पांढऱ्या फडक्यावर थिनर किंवा ॲसिटोन घेऊन पॉलिश बाजू जोरात घासा. फडकं काळं झालं तर करड्या दगडाला रंग किंवा तेल पाजून काळा केलेला आहे. दोन उन्हाळ्यांत तो चट्टेरी होतो आणि अक्षर पार्श्वभूमीत विरतं. दुसरी तपासणी पाण्याची: सगळा स्लॅब ओला करा आणि वाळताना बघा. केसाएवढी भेग असेल तिथे ओल रेषेसारखी मागे राहते. अशी भेग कोरताना किंवा उचलताना उघडते. दोन शिळा शेजारी लावायच्या असतील तर एकाच ब्लॉकमधल्या घ्या. नाही तर एक निळसर काळी आणि एक तपकिरी काळी दिसते. दुकानात ट्यूबलाइटखाली हा फरक कळत नाही, उन्हात आणून बघावं लागतं.

कोरण्याच्या पद्धती चार. लेझर सगळ्यांत स्वस्त, सगळ्यांत वेगवान, आणि नावांसाठी सगळ्यांत वाईट. लेझर पॉलिश फोडतो, खोली जवळजवळ नसते. त्यात रंग धरत नाही, आणि दगड पावसात भिजला की अक्षर नाहीसं होतं. फोटो उतरवायला मात्र लेझरच हवा, एवढा उपयोग मान्य करू. सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनची हिऱ्याची सुई सफाईदार काम करते, पण वळणांच्या टोकांना गोलाई येते, आणि लांबच लांब शिरोरेषेवर सुई बोथट होत गेली की ओळीच्या शेवटी रेष उथळ होते. हाताने छिन्नी मारणारे कारागीर आता मोजके उरलेत. वेळ लागतो, पैसेही लागतात. शीर्षकापुरतं परवडत असेल तर करा.

उरलं सँडब्लास्टिंग. आमची शिफारस हीच. दगडावर रबराचा किंवा जाड व्हिनाइलचा स्टेन्सिल चिकटवतात, प्लॉटरने कापलेली अक्षरं उचलून काढतात आणि उघड्या जागेवर हवेच्या दाबाने कठीण कण मारतात. २ ते ३ मिमी खोली मिळाली पाहिजे. ऑर्डरमध्ये आकडा लिहा, 'डीप' म्हणून चालत नाही. घेताना टोकदार माप घालून पाच-सहा ठिकाणी खोली मोजा, विशेषतः कोपऱ्यांतल्या नावांची. थकलेला कामगार शेवटच्या रकान्यात घाई करतो.

सँडब्लास्टमध्ये बिघडतं ते देवनागरीतल्या बारीक बेटांचं. 'क्ष', 'ष', 'ज्ञ', 'द्ध', 'ब' यांच्या पोटात स्टेन्सिलचे इवलेसे तुकडे उरतात. अक्षर लहान असलं तर हवेच्या माऱ्यात ते सुटतात, आणि अक्षराच्या जागी खड्डा होतो. म्हणून अक्षराची उंची, शिरोरेषेपासून पायापर्यंत, २२ मिमीच्या खाली नेऊ नका. रेषेची जाडी ३ मिमीच्या आसपास. तीन-चार मीटरवरून एवढं अक्षर आरामात वाचता येतं. ओळींतलं अंतर मात्र इंग्रजीच्या हिशेबाने ठेवतात आणि मग वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत घुसतो. देवनागरीला एका ओळीपासून दुसऱ्या ओळीपर्यंत अक्षराच्या उंचीच्या दुप्पट जागा द्या: २२ ला ४४.

यावरून शिळेचा आकार काढता येतो. हुद्दा आणि तीन भागांचं नाव मिळून वीसेक अक्षरं धरली तर ओळ साधारण अर्धा मीटर लांब होते. ६ फूट रुंदीत, दोन्ही कडांना १०० मिमी सोडून, तीन रकाने बसतात. ३ फूट उंचीत वर-खाली ७५ मिमी आणि शीर्षकाला १५० मिमी गेले की ४४ मिमीच्या चौदा ओळी उरतात. म्हणजे एका शिळेवर ४२ नावं. तुमच्याकडे ४० नावं असतील तर ही शिळा तुम्हाला लहान आहे. का, ते शेवटी. शिळेची खालची कड जमिनीपासून ७५० मिमीवर ठेवली तर वरची ओळ उभ्या माणसाच्या डोळ्यांसमोर येते आणि खालची वाचायला गुडघे टेकावे लागत नाहीत.

आता मजकूर. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज सरकारने बऱ्याच गावांत संगमरवरी पाट्या लावल्या: या गावातून इतके लोक महायुद्धावर गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. आकडा आहे, नावं नाहीत. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातून त्या युद्धात ४६ जण कामी आले, गावाच्या नावापुढे 'मिलिटरी' लागलं ते उगाच नाही. अशा आकड्यांमागची माणसं शोधायला आज नातवंडांना किती खटपट पडते ते पाहिलं, की शिळेवर पैसे कुठे खर्च करायचे ते कळतं. तुमच्या शिळेवर नाव चुकलं तर तीही तशीच एक पाटी झाली.

चुका बहुतेक दुकानाच्या संगणकात जन्मतात. तुम्ही फोनवर युनिकोडमध्ये टाइप केलेली यादी पाठवता. ऑपरेटरकडे कोरलड्रॉची जुनी आवृत्ती आणि युनिकोडपूर्व काळातले फॉन्ट असतात. तिथे पेस्ट केलं की जोडाक्षरं फुटतात, म्हणून तो सगळी यादी पुन्हा हाताने टाइप करतो. किंवा कन्व्हर्टरमधून काढतो, ते आणखी वाईट. रफार एक घर सरकतो आणि 'अर्जुन'चा 'अजुर्न' होतो. पहिली वेलांटी चुकीच्या अक्षराला लागते. 'बऱ्हाटे', 'गोऱ्हे', 'कऱ्हाडकर' यांतला अर्धा र त्या फॉन्टमध्ये नसला तर 'बर्हाटे' होतो. 'काळे'चे 'काले' होतात, कारण ऑपरेटर हिंदी कीबोर्ड वापरतो. हिंदी वळणाचा ल आणि श तर बहुतेक शिळांवर सर्रास दिसतात. चूक म्हणता येणार नाही, पण मराठी गावाच्या चावडीपुढे डोळ्याला खटकतात.

यावर उपाय असा, की दुकानाला मजकूर देऊच नका, आरेखन द्या. मराठी वळणाचा युनिकोड फॉन्ट घ्या. 'मुक्त' किंवा राज्य मराठी विकास संस्थेचा 'यशोमुद्रा' दोन्ही मोफत मिळतात, ठळक वजनात कोरायला चांगले आहेत. डीटीपी करणाऱ्या माहितगाराकडून शिळेच्या खऱ्या मापात मांडणी करून घ्या, सगळी अक्षरं कर्व्हमध्ये बदला (म्हणजे ती टाइप न राहता नुसत्या रेषा होतात) आणि पीडीएफ द्या. मग ऑपरेटरच्या हातात टाइप करण्यासारखं काही उरत नाही. पेठेतल्या काही दुकानांत याला नाखुषी दाखवतात, कारण डिझाइनचे वेगळे पैसे सुटतात. ते पैसे देऊन टाका आणि फाइल मात्र आपलीच वापरा.

कोरण्याचा दर अक्षरावर असतो, आणि देवनागरीत अक्षर कशाला म्हणायचं हे प्रत्येक दुकानाचं वेगळं. 'लक्ष्मण' कोणी तीन धरतो, कोणी पाच, मात्रा-वेलांट्या वेगळ्या मोजणारेही आहेत. दर ओळीवर किंवा चौरस फुटावर ठरवा, आणि जीएसटीसकट आकडा लिहून घ्या.

स्टेन्सिल कापण्याआधी त्याच फाइलचा एकास एक कागदी प्रिंट मागा. वर्डमधला नको, स्टेन्सिलच्या फाइलचाच. तो ग्रामपंचायतीत किंवा सोसायटीच्या ऑफिसात आठवडाभर भिंतीला लावा, प्रत्येक घरातल्या कोणीतरी आपल्या माणसाच्या नावापुढे सही करू द्या. घरच्यांना जे दिसतं ते समितीतल्या शिक्षकांनाही दिसत नाही: वडिलांचं नाव 'मारुती' की 'मारोती', आडनाव कागदोपत्री एक आणि गावात दुसरं. त्यानंतर दोघांनी बसून एकाने शेवटच्या नावापासून उलटं वाचायचं, दुसऱ्याने मूळ कागदाशी ताडायचं. सरळ वाचताना डोळा चूक आपोआप दुरुस्त करून पुढे जातो. सह्या झालेला प्रिंट दुकानदाराकडूनही सही करून घ्या, आणि खाली एक ओळ: प्रिंटपेक्षा वेगळं कोरलं गेल्यास शिळा दुकानाच्या खर्चाने बदलून मिळेल. ही ओळ लिहायला नकार देणाऱ्या दुकानात पुढे जाऊ नका.

कोरल्यावर चूक सापडली तर? इपॉक्सीत दगडाची भुकटी कालवून भरतात आणि वरून पुन्हा कोरतात. सहा महिने दिसत नाही, मग तेवढाच चौकोन मॅट पडतो. बरोबर दुरुस्ती म्हणजे सगळी बाजू ३ मिमी घासून, पुन्हा पॉलिश करून नव्याने कोरणं. हे ३० मिमी दगडावर जमतं, १८ मिमीवर नाही. वर जाडीचा आग्रह धरला तो यासाठीही.

नावं कुठून ताडायची? स्वातंत्र्यानंतरच्या जवानांसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय हे पहिलं दार. राज्याच्या सैनिक कल्याण विभागाचं मुख्यालय पुण्यातच, घोरपडीला, पुण्याच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकासमोर आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये उद्घाटन झालेल्या दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकावर २५ हजारांहून अधिक नावं आहेत आणि ती ऑनलाइन शोधता येतात. दोन्ही महायुद्धांसाठी राष्ट्रकुल युद्ध कबर आयोगाची यादी बघा, तिथे बऱ्याचदा वडिलांचं नाव आणि गावही मिळतं. पण ते सगळं इंग्रजी स्पेलिंगमध्ये, तेही त्या काळच्या कारकुनाच्या कानाने लिहिलेलं. इटलीत १० जुलै १९४४ रोजी धारातीर्थी पडलेले, व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी नाईक यशवंत घाडगे यांचं आडनाव इंग्रजी नोंदीवरून वाचलं तर घडगे, घाडगे, घाटगे काहीही होऊ शकतं. एवढ्या नावाजलेल्या माणसाचं हे, तर साध्या शिपायाचं काय. इंग्रजी नोंदीवरून थेट देवनागरी करू नका, गावच्या जुन्या दप्तराशी किंवा घरच्यांशी जोडा.

हुद्दा पूर्ण लिहा. 'ना.' म्हणजे नाईक, नायब की नामदार, हे वीस वर्षांनी कोणी सांगणार नाही. 'शिपाई', 'सॅपर', 'गनर' हे वेगवेगळ्या दलांचे हुद्दे आहेत, सगळ्यांना सरसकट 'जवान' करू नका. शौर्यपदक नावानंतर, त्याच आकाराच्या अक्षरात. आणि यादी 'युद्ध' या एकाच शीर्षकाखाली कोंबू नका. गावोगावच्या यादीत १९६२, १९६५, १९७१ आणि १९९९ च्या कारगिलइतकीच नावं ऑपरेशन पवन (श्रीलंका), मेघदूत (सियाचीन) किंवा रक्षक (दहशतवादविरोधी मोहीम) यांमधली असू शकतात. त्या घरांना 'युद्धात नव्हता ना' हे ऐकावं लागू नये. सेवा करून परत आलेल्यांची नावं घालायची असतील तर त्यांना वेगळी शिळा करा. एकाच शिळेवर चांदणी घालून फरक दाखवण्याची युक्ती फसते, पहिल्याच रंगकामात चांदणी चुकीच्या नावापुढे जाते.

क्रम कोणता? हुद्द्याप्रमाणे लावू नका. खडकीच्या युद्ध स्मशानभूमीत दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ कबरी आहेत आणि आयोगाच्या नियमाने हुद्द्यावरून शिळेत फरक केलेला नाही. समितीतल्या सगळ्यांनी एकदा तिथे जाऊन यावं, अर्ध्या वादांची गरज उरत नाही. आडनावाप्रमाणे लावलं की शोधायला सोपं, पण नंतर नाव घालायला जागा मधे नसते. मृत्यूच्या तारखेप्रमाणे लावलं तर नवं नाव शेवटी आपोआप बसतं. आमचं मत तारखेच्या बाजूने.

चिन्हांचा विषय थोडक्यात. दुकानदार 'वर अशोकस्तंभ फुकट टाकून देतो' म्हणतात. राजचिन्हाच्या वापरावर २००५ चा कायदा आणि २००७ चे नियम आहेत, खासगी संस्थेला किंवा सोसायटीला ते मनाने कोरता येत नाही. सेनेच्या चिन्हातही सिंहमुद्रा आहे, म्हणून तेही परवानगीशिवाय नको. रेजिमेंटचं चिन्ह त्या रेजिमेंटल सेंटरकडून लेखी विचारून घ्या, चित्रही त्यांच्याकडूनच, गूगलवरचं नको. हेल्मेट-बंदुकीचा तयार साचा बहुधा फायबरचा असतो. उन्हाने तीन-चार वर्षांत पांढरा पडतो, आणि बंदूक कुठल्याच काळातली नसते. पहिल्या महायुद्धाच्या नावांवर आधुनिक रायफल उभी करण्यापेक्षा काहीच नसलेलं बरं. पूर्ण पुतळा म्हटला की शासकीय परवानगीचा वेगळा फेरा सुरू होतो. आणि अनावरणाला शिळा तिरंग्याने झाकू नका. ध्वजसंहितेत ते स्पष्टपणे नको म्हटलेलं आहे, साधं कापड वापरा.

बसवण्याला अडीच गुण का, तर ग्रॅनाइटवाल्याचा मिस्त्री शिळा फरशीसारखी सिमेंटने चिकटवतो. पाणी मागे शिरतं, सिमेंटमधले क्षार विरघळून कडेने पांढरे ओघळ येतात, आणि १५० किलो दगड फक्त चिकटण्यावर तोललेला राहतो. मागा ते असं: शिळेचं वजन खालच्या काँक्रीटच्या किंवा पाषाणाच्या कट्ट्यावर, आणि पुढे झुकू नये म्हणून मागून चार स्टेनलेस स्टीलच्या पिना, ३०४ ग्रेड, ८ मिमी, ३० मिमी दगडात १५ ते १८ मिमी खोल भोकात इपॉक्सीने बसवलेल्या. साध्या सळईचे तुकडे चालत नाहीत, ती गंजून फुगते आणि दगड आतून फोडते. कडेचा सांधा ५-६ मिमी ठेवून न्यूट्रल सिलिकॉनने भरा. आंबट वास येणारं सिलिकॉन स्वस्त असतं, ते सिमेंटवर नीट धरत नाही. वर छोटं छप्पर किंवा पुढे आलेली पाषाणाची पट्टी असेल तर तिच्या खालच्या बाजूला खाच मारा, म्हणजे पाणी शिळेवर न ओघळता खाली टपकेल.

चौथऱ्याखाली काळी माती असेल तर ती मुरूम लागेपर्यंत काढा. शिरूर-दौंडकडच्या काळ्या रानात हे टाळलं की पहिल्याच पावसाळ्यात माती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि चौथरा तिरका होतो. शिळेच्या मधोमध गेलेल्या तिरक्या भेगेचं कारण दगड नसतो, बहुतेक वेळा पाया असतो.

रंगाबद्दल एकच आग्रह: सोनेरी नको. बाजारातल्या सोनेरी रंगात पितळेची पूड असते, उघड्यावर ती तपकिरी पडते. खरा सोन्याचा वर्ख टिकतो, पण त्याचे पैसे वेगळ्या पातळीवरचे. पांढरा बाहेरचा रंग, स्टेन्सिल दगडावर असतानाच, धूळ हवेने उडवून आणि दगड पूर्ण कोरडा असताना मारलेला. जुलैमध्ये कोरडा दगड मिळत नाही आणि इपॉक्सीलाही ओल चालत नाही, म्हणून अनावरण १६ डिसेंबरला, विजय दिवशी ठेवा. ऑक्टोबरमध्ये दगड, नोव्हेंबरमध्ये प्रिंट आणि सह्या, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात बसवणं. पावसाळ्याआधीच हवं असेल तर १ मे गाठा.

लोक शिळेला हळद-कुंकू लावणार, हार घालणार, नारळ फोडणार. 'हात लावू नये' ची पाटी लावून काही होत नाही. कुंकवाचा रंग अक्षरांतल्या पांढऱ्यात मुरतो आणि पणतीचं तेल पॉलिशवर थर धरतं. म्हणून वर दोन टोकांना हारासाठी स्टीलचे हूक, खाली पुढे आलेली फूटभर पायरी पणती-नारळासाठी, आणि ती पाषाणाची. साफसफाई साबणाच्या पाण्याने आणि मऊ कापडाने. फरशीचं ॲसिड आणू देऊ नका: दगड तग धरेल, पण सांधे, रंग आणि पिना नाही.

राहिली मोकळी जागा. शिळेचा निदान पाव भाग कोरा ठेवा, ४२ च्या शिळेवर ३० नावं. दुकानदार ओळी पसरून जागा भरून देतो, 'रिकामं बरं दिसत नाही' म्हणतो, ऐकू नका. राहून गेलेलं एक तरी नाव अनावरणानंतर पुढे येतंच. शिळा काढून पुन्हा कारखान्यात नेणं परवडत नाही. जागेवर येऊन ब्लास्ट करणारे मिळतात, पण कॉम्प्रेसर आणण्याचा खर्च एका नावाला आणि दहा नावांना सारखाच, त्यामुळे नावं साठवून एकदमच करून घेतात. तेव्हा अक्षर जुन्यासारखं यायला मूळ पीडीएफ, फॉन्टचं नाव, २२ आणि ४४ ही मापं, कोरण्याची खोली आणि रंगाचा डबा कोणता होता हे लागेल. दुकानातल्या संगणकावर ते राहत नाही. छापील प्रत आणि पेन ड्राइव्ह ग्रामपंचायतीच्या दप्तरात ठरावाच्या फाइललाच लावा, आणि एक प्रत शाळेत.